मोठ्या जहाजाचा मोह आणि गलबताचा विसर

१/
व्यापारी जहाजे अडवून लुटायची असतील तर सर्वांत उत्तम जहाज कोणते? परवा रंकाळ्याच्या काठावर मित्रमंडळींत हा प्रश्न निघाला. निमित्त मोबाईलवरच्या एका नौकायुद्धाच्या खेळाचे. एकाने आपले आवडते जहाज दाखवले: तीन उंच डोलकाठ्या, तोफांचे दोन मजले आणि शेंड्यावर भगवा. "विषय हार्ड हाय भावा, हेच कान्होजींचं जहाज!" मी म्हणालो, "हे कान्होजींच्या शत्रूचं जहाज आहे." वाद पेटला. तेव्हा दहा मिनिटांत जे सांगता आले नाही ते या धाग्यात सांगतो.

२/
माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. कोकण किनाऱ्यावर व्यापारी जहाज अडवण्यासाठी सर्वोत्तम नौका होती गलबत. गुराब ही तिची जोडीदार. आणि या दोघींच्या पाठीशी किल्ल्याच्या आडोशाचे बंदर नसेल, तर दोघीही निरुपयोगी. तोफा मोजून आरमाराची थोरवी ठरवणे ही युरोपीय फूटपट्टी आहे. खेद याचा की आज ती फूटपट्टी आपल्या हाती कोणी बळजबरीने दिलेली नाही. आपणच ती अभिमानाने मिरवतो.

३/
प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. आज मराठीत 'गलबत' म्हणजे कोणतेही जहाज. सतराव्या-अठराव्या शतकात मात्र ते एका विशिष्ट नौकेचे नाव होते. 'गुराब' हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ कावळा. या दोन्ही नौकांचे सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाने करून ठेवले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते सापडते. त्याला आंग्र्यांचे कौतुक करण्याचे काहीच कारण नव्हते, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

४/
गुराब. बहुधा दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, त्यामुळे थोड्या पाण्यातही चालणारी. पुढचा भाग निमुळता होत लांब नाळेत संपतो. या नाळेवर आलेले पाणी वाहून जावे म्हणून तिला बाजूच्या भिंतीच नाहीत. आणि मुख्य गोष्ट ही: नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर तोंड करून नाळेवरून मारा करतात. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या.

५/
इथे क्षणभर थांबा. युरोपीय युद्धनौकेचे सारे बळ तिच्या कुशीत असते; मारा करायचा तर तिला शत्रूसमोर आडवे व्हावे लागते. गुराबीच्या जड तोफा नाकासमोर रोखलेल्या. म्हणजे ही नौका समोरासमोर उभे राहून मार देण्याघेण्यासाठी बांधलेलीच नाही. ती पाठलागासाठी बांधलेली आहे. जो पळतो आहे त्याच्यामागे धावता धावता मारा करायचा, हेच तिचे काम. बांधणीतच हेतू कोरलेला आहे. आपण मात्र तिला आडव्या माऱ्याच्या गणितात बसवतो आणि 'तोफा कमी' म्हणून नापास करतो.

६/
आता गलबत. गुराबीच्याच घाटाची, पण लहान. मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांहून अधिक. दोन काठ्या, पैकी मागची नाममात्र. पुढच्या काठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड. बहुतेकांचा वरचा तळ चिरलेल्या बांबूंचा आणि कडेवर फिरते जंबुरे. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. आणि चाळीस-पन्नास दणकट वल्ही, ज्यांच्या बळावर वारा पूर्ण पडला तरी ताशी चार मैल वेग.

७/
खेळात हे जहाज तुम्ही पहिल्या तासातच विकून टाकाल. तोफा फुटकळ, बांधणी हलकी, तळ बांबूचा. पण वरचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा: वारा पूर्ण पडला तरी. समोरचे भव्य व्यापारी जहाज त्या वेळी ताशी किती मैल चालते? शून्य. वेगाची तुलना नेहमी भर वाऱ्यात केली जाते. शिकार मात्र वारा मेल्यावर होते.

८/
आणि कोकणात वारा रोज मरतो. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. हंगामात किनाऱ्याने जाणारी व्यापारी जहाजे याच दोन वाऱ्यांच्या आधाराने पुढे सरकत. पण एक वारा संपून दुसरा सुरू होण्याआधी मध्ये एक संधिकाल असतो: शिडे लोंबतात, पाणी आरशासारखे होते. ज्याच्याजवळ केवळ शीड आहे तो त्या वेळी बंदीवान असतो. ज्याच्याजवळ वल्ही आहेत तो समुद्राचा धनी.

९/
हे पुस्तकी अनुमान नव्हे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेट कोंडायला जहाजे पाठवली. महाराजांच्या लहान होड्या रात्री वल्हवत, मोठ्या जहाजांना चकवून बेटावर सामान पोहोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत 'डव्ह' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज' जहाजाने तोफांच्या बळावर मराठी नौकांना पिटाळले, हेही खरे. पण तोफा जिंकल्या आणि वेढा हरला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

१०/
आता शिकारीची पद्धत पाहू. ऑर्मच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या जहाजावर जाताना आंग्र्यांच्या ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत. जहाज दृष्टीस पडले की नांगर सोडून सारे बाहेर. वारा असेल तर शिडांवर. नसेल तर गलबते वल्हवत गुराबांना ओढून नेत. तोफेच्या टप्प्यात आल्यावर सगळे सावजाच्या पिछाडीला जमत. का? कारण मोठ्या जहाजाच्या तोफा कुशीत. पिछाडीला त्याचे बळ सर्वांत कमी.

११/
मग गुराबा दूरूनच मारा करीत, तोही केवळ डोलकाठ्यांवर. सावजाच्या तिन्ही काठ्या नजरेच्या रेषेत जवळजवळ एकामागे एक आल्या की गोळा सोडायचा. एक चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी लागेल. काठ्या पडल्या की जवळ जाऊन चहूबाजूंनी भडिमार. तरीही शरण न आल्यास गलबते एकाच वेळी सर्व अंगांनी भिडत आणि माणसे तलवारी उपसून वर चढत. गलबतागणिक दोन-तीनशे माणसे, हा ऑर्मचा आकडा मला फुगवलेला वाटतो. सत्तर टनांच्या नौकेत इतकी माणसे मावतील कुठे? पण निम्मी धरली तरी व्यापारी जहाजाच्या खलाशांना भारी.

१२/
यातली बुद्धी पाहा. बुडवलेल्या जहाजातून काहीही मिळत नाही. माल कोरडा राहायला हवा, जहाज बंदरात आणता यायला हवे, माणसे खंडणीसाठी जिवंत हवीत. म्हणून गोळा काठीवर, बुडावर नाही. म्हणून तोफांपेक्षा माणसे अधिक. दोन मजली तोफांचे जहाज हे नाशाचे उत्तम साधन आहे. पण अडवणूक हा नाशाचा धंदाच नव्हे. मित्राच्या यादीत 'प्रहारशक्ती' हा रकाना होता. 'माल शाबूत राहण्याची शक्यता' हा रकाना नव्हता.

१३/
आणखी एक रकाना खेळात नसतो: कागद. खेळात दिसेल ते व्यापारी जहाज सावज. कोकणात तसे नव्हते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला होता. तो नसलेले जहाज ते जप्त करीत. इंग्रजही आपले परवाने देत. आंग्र्यांचे दस्तक याच परंपरेतले. दस्तक असलेल्याला वाट मोकळी, नसलेला धरला जाई. पोर्तुगीजाने घेतला तर कर आणि कान्होजींनी घेतला तर चाचेगिरी, हा न्याय लंडनच्या दप्तरात शोभतो, आपल्या तोंडी नाही.

१४/
आणि कागद तपासण्याचे काम कोणती नौका करील? रोज जहाज थांबवायचे, जवळ जायचे, दस्तक पाहायचे, सोडायचे. या कामाला अजस्र युद्धनौका म्हणजे नाक्यावर पावती फाडायला हत्ती उभा करणे. त्याला हलकी, चपळ, स्वस्त आणि पुष्कळ संख्येने असणारी नौका लागते. एखादे गलबत गेले तर दुःख होते, पण आरमार मोडत नाही.

१५/
या पद्धतीचा परिणाम? नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या ताफ्याने मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका 'अल्जेरिन' धरली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढे ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिची सुटका झाली. कंपनीला कान्होजींशी तह करावा लागला. ही घटना सांगताना आपण विजय सांगतो आणि त्या कैदेतल्या बाईला गाळतो. दोन्ही सांगितले पाहिजे. खेळात कैदी हा आकडा असतो, इतिहासात नसतो.

१६/
आता आपल्या करवीरकडे येऊ, कारण माझा सर्वांत भक्कम साक्षीदार इथलाच आहे. रामचंद्रपंत अमात्य, बावड्याचे. त्यांनी करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच. आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी मोठाली 'फरगाते' बांधण्याचे प्रयोजन नाही. फरगात म्हणजे फ्रिगेट.

१७/
पुन्हा वाचा. मोठी युरोपीय धाटणीची जहाजे अमात्यांना ठाऊक होती. त्यांचे नावही ठाऊक होते. त्यांनी विचार करून ती नाकारली. 'आपल्याला मोठी जहाजे जमली नाहीत' हे वाक्य म्हणूनच मला खटकते. न जमणे आणि न स्वीकारणे यांत फरक आहे. त्याच ग्रंथात पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा असे प्रमाण दिले आहे. एकास तीन. ऑर्मच्या ताफ्यात ते एकास चार-पाच पडते. दोन्हीकडे बहुमत गलबतांचेच.

१८/
अमात्य आणखी एक गोष्ट सांगतात, जी आपल्या भिंतीवरच्या चित्रांत कधीच येत नाही. आरमाराचा खर्च बंदरांच्या जकातीवर टाकू नये, त्यासाठी मुलुख नेमून द्यावा. कारण जकातीवर जगणारे आरमार सावकारांना छळू लागते, सावकारी बुडते आणि बंदर ओसाड होते. लुटीची चटक आरमाराला लागली तर ते आपल्याच घराला आग लावते, हे भान तीनशे वर्षांपूर्वी होते. आमच्या खेळगटात ते नाही.

१९/
आता आक्षेप. पहिला: 'मोठ्या जहाजापुढे गलबत टिकले असते का?' भर समुद्रात, भर वाऱ्यात, समोरासमोर? नाही. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तिथे लढायला त्यांना कोणी सांगितले होते? संभाजी आंग्र्यांनी १७३५ साली 'डर्बी' हे इंग्लंडहून येणारे कंपनीचे मोठे जहाज धरले. तुळाजी आंग्र्यांनी १७५४ साली तीन डच जहाजांना गाठून दोन जाळली, एक धरले. मोठी जहाजे लहानांच्या झुंडीपुढे पडत होती.

२०/
दुसरा आक्षेप: 'मग इंग्रजांनी गलबते का नाही बांधली?' बांधली. मुंबईच्या कंपनी आरमारात गुराबा होत्या आणि गलबतेही होती.  शत्रू ज्याची नक्कल करतो ते हत्यार हलके नसते. इंग्रजांनी आपले गलबत उचलले, आणि आज आपण त्यांचे जहाज चित्रात रंगवून त्यावर भगवा लावतो. हा व्यवहार उलटा झाला आहे, एवढेच माझे म्हणणे.

२१/
तिसरा आक्षेप सर्वांत जड: 'इतके उत्तम होते तर संपले कसे?' एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले. एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे तुळाजींनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले मोठे जहाज. ते पेटले, आणि शेजारी बांधलेल्या गुराबा-गलबतांना आग लागत सारे आरमार जळाले.

२२/
या प्रसंगातून 'मोठी जहाजे हवी होती' हा निष्कर्ष कसा निघतो, मला कळत नाही. जे जळाले ते समुद्रावर हरले नव्हते. ते खाडीत कोंडलेले होते. पळायला वाट नव्हती, कारण समुद्राकडून इंग्रज होते आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. ज्या किल्ल्याच्या पाठबळावर गलबत जगत होते, तो किल्लाच आपल्या घरच्या भांडणाने एकाकी पडला होता. विजयदुर्गाला जहाज कमी पडले नाही, सोबती कमी पडले.

२३/
उलट उदाहरण पाहा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. सोबत कमोडोर मॅथ्यूजच्या राजेशाही युद्धनौका. तेव्हा बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीस आले. मोहीम फसली आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. १७२१ आणि १७५६ यांच्यातला निर्णायक फरक नौकांच्या आकारात सापडत नाही. किनाऱ्यावरची मराठी फौज कोणाच्या बाजूने उभी होती, यात तो आहे.

२४/
आणि आता जी गोष्ट कोल्हापुरात मोठे होऊनही मला पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ठाऊक नव्हती. आंग्र्यांनंतरही हा समुद्र शांत झाला नाही, कारण मालवण होते, आणि मालवण करवीरकरांचे होते. होय, आपले. तालमी, पन्हाळा, रंकाळा एवढ्यावर ज्यांचे कोल्हापूर संपते त्यांनी लक्षात घ्यावे: सिंधुदुर्गाच्या आडोशाने निघणाऱ्या करवीरच्या नौकांनी कंपनीला अर्धशतक झोप येऊ दिली नाही.

२५/
१७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले, आणि पुढल्याच वर्षी तह करून परत दिला. तेव्हा करवीरचा कारभार राणी जिजाबाई पाहत होत्या. तरी मालवणच्या नौकांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने प्रश्न कायमचा मिटवला गेला. कसा? मालवण बंदर आणि सिंधुदुर्गच कंपनीने घेतला, आणि करवीरच्या बंदरांतून सशस्त्र नौका बाहेर पडू नयेत अशी अट घातली.

२६/
'सर्वोत्तम जहाज कोणते' या प्रश्नाचे उत्तर कंपनीने या तहात देऊन ठेवले आहे. गलबते जाळून भागत नाही, ती पुन्हा बांधली जातात, हे तिला अनुभवाने कळले होते. म्हणून तिने बंदर मागितले. आडोसा गेला आणि त्याबरोबर हा सारा डाव संपला. शत्रूला आपल्या आरमाराचे मर्म कळले होते. आपण मात्र अजून तोफा मोजतो आहोत.

२७/
मग या आरमारात उणीव नव्हतीच का? होती, आणि ती मांडलीच पाहिजे. वल्हवणारी माणसे पुष्कळ आणि पोटात पाणी-शिधा थोडा. त्यामुळे गलबताला वारंवार किनाऱ्याला परतावे लागे. ते किनाऱ्याचा समुद्र राखू शकले, महासागर नाही. दूरच्या समुद्रात आपल्या सावकाराच्या जहाजाला ते सोबत करू शकले नाही. अडवणारे आरमार आणि व्यापार वाढवणारे आरमार यांतले पहिले आपण उत्तम उभारले, दुसरे उभारले नाही. टीका करायची तर ही करा. 'तोफा कमी होत्या' ही टीका नव्हे, आळस आहे.

२८/
शेवटी, मी एवढा चिडलो का? एका खेळातल्या जहाजावरून? कारण ते जहाज चित्रांत जाते, चित्रे मिरवणुकीत जातात, आणि उद्या कोणी मूल विचारते, 'एवढी मोठी जहाजे होती तर इंग्रज जिंकले कसे?' तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते. आणि त्या भव्य जहाजाखाली गाडला जातो तो कोळी, भंडारी, गाबीत माणूस, ज्याने मेलेल्या वाऱ्यात वल्हे मारून गुराब ओढत नेली. मोठ्या जहाजाच्या चित्रात त्याला जागाच नाही, कारण त्या जहाजाला वल्ही नसतात.

२९/
तेव्हा मित्रा, खेळात हवे ते जहाज घे. पण त्यावर भगवा लावणार असशील तर वल्ही असलेले घे, चार-पाच जोडीला घे, आणि रात्री परतायला एक खाडी राखून ठेव. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी खाली पुराव्यानिशी लिहावे. चूक दाखवल्यास दुरुस्त करीन. केवळ तोफांची संख्या लिहिणाऱ्यांना मात्र उत्तर मिळणार नाही. त्यांनी आधी वारा पडल्यावर काय करणार ते सांगावे.

धागा समाप्त.